फॅमिली रूम होतीच की!

लहान मुलांना हॉटेलात येऊ द्यावं का, असं लेखात विचारलंय. साताऱ्यात बंदी घालायची म्हटली तर रविवारी संध्याकाळी निम्मी हॉटेलं ओस पडतील. आजी-आजोबांपासून तान्ह्यापर्यंत सगळं घर एकत्रच बाहेर पडतं, पोराला ठेवायचं कुणाकडे?

दक्षिण कोरियात 'नो किड्स झोन'चं फॅड आलं. जेजू बेटावरच्या एका हॉटेलनं १३ वर्षांखालच्यांना मनाई केली, तेव्हा २०१७ मध्ये तिथल्या मानवाधिकार आयोगानं तो भेदभाव ठरवला.

पण वेटर एका हातात रश्श्याच्या वाट्या, दुसऱ्या हातात भाकऱ्या घेऊन येतोय आणि पोरगं टेबलांमधून पळतंय, हे बघून माझा जीव वर-खाली होतो. उकळता रस्सा अंगावर सांडला तर? आईबाप मात्र मोबाइलमध्ये. अशा वेळी मालकानं सरळ सांगावं, "दादा, पोराला जवळ बसवा." गिऱ्हाईक रुसलं तर रुसू दे.

परमिट रूम आणि फॅमिली रूम वेगळी ठेवायची आपली जुनी पद्धत काय वाईट होती? नव्या एसी हॉटेलांनी सगळं एकाच हॉलमध्ये कोंबलं आणि आता खापर पोरांवर. शेजारच्या टेबलावर स्पीकर लावून रील बघणाऱ्या काकांना कुठं बसवायचं, तेही ठरवा एकदा.