पुट-बटच्या नावानं चांगभलं!

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला: सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, भावकीच्या, आणि मी ज्यांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते त्या मुलांच्याही. मेसेज लांबलचक आहे, पण मतलब एवढाच: मराठी जगातली सर्वांत शास्त्रशुद्ध भाषा, जशी लिहितो तशीच वाचतो. इंग्रजीला नियमच नाहीत. पुट होतं तर बुट का नाही? म्हणून उच्चार देवनागरीत लिहून पाठ करा. मराठी टोन गेल्याशिवाय कोणी विचारणार नाही. घरातही इंग्रजीच बोला. आणि अर्जात, ईमेलमध्ये भारी शब्द वापरा. शेवटी हात जोडलेले आणि 'मराठी असाल तर पुढे पाठवा'. घरातली मराठी बंद करायला सांगणारा मेसेज मराठीच्या अभिमानानं फिरतोय, ही गंमत आणखी वेगळी.

पुट-बटपासूनच सुरू करू, कारण त्या एका विनोदावर अर्धा मेसेज उभा आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडे, यॉर्कशर-लँकशर भागात, आजही पुष्कळ लोक या दोन्ही शब्दांत एकच स्वर काढतात. पुट आणि बुट! सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेकडच्या बोलीत या 'उ'चा 'अ'सारखा उच्चार होऊ लागला: कट, सन, रन, बट. काही शब्द जुन्या उच्चारावरच राहिले. ते कोणते, पाहा: पुट, पुश, पुल, बुल, बुश, फुल. सगळ्यांची सुरुवात ओठांनी होते. ओठ आधीच कामाला लागलेले, म्हणून गोल 'उ' टिकला. 'बट', 'फन' तरीही निसटले, म्हणजे हा पक्का नियम नव्हे, कल आहे. पण कल असणं म्हणजे अंदाधुंदी नव्हे.

इंग्रजी स्पेलिंग विचित्र आहे, हे मला मान्यच आहे. विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, पुढे हळूहळू स्पेलिंगं ठरत गेली आणि उच्चार मात्र बदलतच राहिले. 'नाइट' म्हणजे सरदार, त्याच्या स्पेलिंगमधला सुरुवातीचा के एकेकाळी खरोखर उच्चारत असत. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी तर लॅटिन जाणणाऱ्या पंडितांनी मागाहून घुसवला. तो इंग्रजीत कोणी कधी उच्चारलाच नाही. आपल्याकडे शुद्धलेखनावरून भांडणारे काका असतात, त्यांच्याकडेही होते.

पण जे नियम आहेत, ते आपल्याला सांगितले जात नाहीत, हे खरं दुखणं आहे. माझ्या बॅचमध्ये पहिल्या दिवशी हमखास ऐकू येतं: 'आय वॉचेड', 'आय आस्केड'. क्रियापदाच्या शेवटी लागणाऱ्या या ई-डीचे उच्चार तीन आहेत, आणि ते कोणत्या आवाजानंतर येतात हे ठरलेलं आहे. गळ्यावर बोटं ठेवा. क्रियापदाचा शेवटचा आवाज काढताना गळा थरथरला नाही तर ट: वर्क्ट, वॉच्ट, लाफ्ट. थरथरला तर ड: प्लेड, कॉल्ड. आणि शेवटी आधीच ट किंवा ड असेल तरच जास्तीचा स्वर: वॉन्टिड, नीडिड. अनेकवचनाचा एसही याच रांगेतला. कॅट्स, पण डॉग्झ, आणि बसिझ. अघोष (गळा न थरथरता निघणारे) आणि घोष (थरथरून निघणारे) ही विभागणी आपल्या वर्णमालेतच आहे: क-ख एका बाजूला, ग-घ दुसऱ्या. वाक् अधिक ईश म्हणजे वागीश, हे शाळेत संधी सोडवताना केलेलं असतं. आवाज शेजाऱ्याला पाहून बदलतो, ही गोष्ट मराठी शाळेत शिकलेल्या पोराला नवी नाही. फक्त तीच गोष्ट इथेही लागू आहे, हे कोणीतरी सांगावं लागतं.

आता 'जशी लिहितो तशीच वाचतो'. 'चार म्हशी' आणि 'म्हशी चार' हे मोठ्यानं वाचा. पहिला च चहातला, दुसरा चमच्यातला. अक्षर तेच. 'जग सुंदर आहे' आणि 'सुखानं जग' यांतला ज तसाच. श आणि ष बोलताना वेगळे काढणारा माणूस मला वर्षानुवर्षं भेटलेला नाही. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक आपण वाक्यावरून ओळखतो, कानानं क्वचित. आणि हे शेवटचंच इंग्रजीत नडतं. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, बोलताना फारसं नाही, म्हणून शिप आणि शीप, लिव्ह आणि लीव्ह आपल्या तोंडी सारखेच येतात. इंग्रजीत तिथे नुसती लांबी नाही, स्वरच वेगळा आहे. मेसेजवाल्याला वाटतं अडचण इंग्रजी लिपीत आहे. ती आपल्या कानात आहे.

शब्दावर देवनागरीत उच्चार लिहिणं मात्र मी सरसकट मोडीत काढणार नाही. आपल्याकडे ॲ आणि ऑ आहेत. बॅट आणि बेट आपण वेगळं लिहू शकतो, ही मोठी सोय आहे. पण देवनागरीत आघात, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा ते, दिसत नाही, आणि इंग्रजी ऐकणारा माणूस शब्द ओळखतो तो बराचसा आघातावरून. फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर, फोटोग्राफीत 'टो'च्या जागी असलेल्या अक्षरावर, फोटोग्राफिकमध्ये 'ग्रा'वर. आपण तिन्ही सपाट म्हणतो. माझ्याकडे एक नर्सताई येतात, परदेशी नोकरीची तयारी करतायत. त्यांचं फिफ्टीन आणि फिफ्टी मला ओळखू येईना. औषधाचा डोस सांगताना हा फरक चालेल का? मग वहीत देवनागरीच लिहिली, फक्त जोराच्या अक्षराखाली पेन्सिलीनं रेघ: एकात 'टीन'खाली, दुसऱ्यात 'फिफ्'खाली. आठवड्यात फरक पडला. त्यांचा सातारी हेल जिथल्या तिथे आहे.

त्यावरून टोन. परदेशी जाणारे देतात त्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याच्या भागाला चार निकष असतात आणि चारांना सारखं वजन. उच्चार हा त्यांतला एक. त्यातही पाहतात ते ऐकणाऱ्याला कळतंय का. तुम्ही लंडनचे वाटता का, याला गुण नाहीत. म्हणून हेल घालवायच्या क्लासला पैसे देण्याआधी आरशासमोर उभं राहून वेस्ट हा शब्द दोनदा म्हणा: एकदा वरचे दात खालच्या ओठाला टेकवून, एकदा ओठांचा चंबू करून. एक बनियन, एक पश्चिम. हे काम फुकट होतं.

घरात मराठी बंद करण्याबद्दल काय बोलावं! आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर, म्हणजे मराठीतूनच, इंग्रजी शिकल्या. मराठी आडवी येते हे खरं, पण ती कुठे येते हे मराठीतूनच दाखवता येतं. आपल्यातले निम्मे लोक म्हणतात 'यस्टरडे आय हॅड गॉन टू पुणे'. का? कारण 'काल मी पुण्याला गेले होते' असं आपण सहज म्हणतो. मराठीत हे 'होते' एकटं चालतं. इंग्रजीतल्या 'हॅड'ला नंतरची दुसरी घटना लागते: मी स्टँडवर पोचले तेव्हा एसटी गेली होती. तिथे हॅड बरोबर. पुण्याला नुसतं 'वेन्ट'. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की पाच मिनिटांत कळतं. 'माय हेड इज पेनिंग', 'क्लोज द लाइट' यांचंही मूळ असंच सापडतं. घरात फक्त इंग्रजी बोलली तर हीच वाक्यं रोज पक्की होत जातील.

उरले भारी शब्द. बहिणीच्या लग्नासाठी रजा मागणारा एका विद्यार्थ्याचा ईमेल माझ्याकडे आला होता: 'विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन आय बेग टू स्टेट दॅट'. तारीख यायला चौथी ओळ उजाडली. बेग म्हणजे याचना. रजा हक्काची आहे, याचना कशाला? आम्ही केलं ते एवढंच: 'माझ्या बहिणीचं लग्न आहे, मला १२ ते १४ रजा हवी आहे, माझं काम अमुक पाहील'. साध्या इंग्रजीत तीन वाक्यं. अमेरिकेनं तर २०१० मध्ये कायदाच केला, सरकारी कागद सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत लिहा म्हणून. 'कृपया उत्तर द्या' या अर्थाचं 'काइंडली रिव्हर्ट'ही सोडा; बाहेरच्या वाचकाला रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. 'प्रीपोन', म्हणजे ठरलेलं अलीकडे आणणं, मात्र मी सोडणार नाही. चपखल शब्द आहे, ऑक्सफर्डच्या कोशानंही घेतलाय.

भावकीच्या ग्रुपवर मी एवढं सगळं लिहिलं नाही. ज्या काकांनी मेसेज टाकला होता त्यांना फक्त विनंती केली: काका, 'चार म्हशी' आणि 'म्हशी चार' म्हणून व्हॉइस मेसेज पाठवा. दहा मिनिटांत आला. दोन्ही च स्वच्छ वेगवेगळे, आणि मागे गोठ्यातून म्हैस रेकत होती.