ब्लॅकलेटर हा ‘नाझी फाँट’ नाही

ब्लॅकलेटर म्हणजे जुन्या युरोपीय हस्तलिखितांतलं आणि जर्मन छपाईतलं जाड, टोकदार अक्षरवळण. त्याबद्दल सध्या एक दावा सगळीकडे फिरतोय: ‘ब्लॅकलेटर हा नाझींचा फाँट. हिटलरने तो जर्मनीवर लादला. शिवाय तो वाचताही येत नाही, म्हणून वापरूच नका.’ पाचशे वर्षांच्या अक्षरकलेवर हा अन्याय आहे.

‘नाझींचा’ म्हणावं तर वयाचाच मेळ बसत नाही. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास माइन्त्सला बायबल छापलं ते याच कुळातल्या टेक्स्टुरा वळणात. रुंद टोकाच्या बोरूने लिहिणाऱ्या लेखनिकांचं ते वळण. त्यावरूनच छपाईचे खिळे घडवले गेले. धर्मसुधारक मार्टिन लूथरचा जर्मन नवा करार १५२२ मध्ये श्वाबाखर या ब्लॅकलेटरच्या दुसऱ्या प्रकारात निघाला. फ्राक्टूर हा तिसरा प्रकारही त्याच शतकाच्या सुरुवातीचा, सम्राट पहिल्या माक्सिमिलियनच्या आश्रयाने घडलेला.

‘लादला’ हे तर अर्धसत्य. १९३३ नंतर नाझींनी ब्लॅकलेटर मिरवलं, हे खरं. टानेनबेर्गसारखे ताठ, नक्षी छाटलेले टाइप त्याच काळातले. पण ३ जानेवारी १९४१ ला नाझी पक्षाचा बडा अधिकारी मार्टिन बोरमानच्या सहीचं परिपत्रक निघालं: ही ‘श्वाबाखर ज्यू अक्षरं’ आहेत, यापुढे शाळांत, पाट्यांवर, छपाईत रोमन वळणच (आज इंग्रजी पुस्तकांत दिसतं ते साधं वळण) हवं. आरोप धादांत खोटा होता. आणि तो आरोप करणाऱ्या त्या कागदाचा मथळा, म्हणजे पक्षाचं नाव, ब्लॅकलेटरमध्येच छापलेला होता! जिंकलेल्या देशांतल्या लोकांना जर्मन मजकूर वाचता यावा, हा हिशेब त्यामागे असल्याचं अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्यांच्या नावावर हे वळण खपवलं जातं, त्यांनीच ते मोडीत काढलं.

आज काही अतिउजवे गट ते मुद्दाम वापरतात, म्हणून जर्मनीतल्या राजकीय पोस्टरवर विचार करूनच वापरावं. पण ‘द न्यू यॉर्क टाइम्स’चं शीर्षनाव ब्लॅकलेटरमध्येच आहे आणि गणिती लोक ‘ली बीजगणित’ नावाच्या गणिती रचनांसाठी फ्राक्टूर अक्षरं रोज लिहितात. त्यांना कोण नाझी म्हणेल?

राहिलं ‘वाचता येत नाही’. जर्मन वाचक पिढ्यान्‌पिढ्या कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रं यातच वाचत होते. आपल्याला अडखळायला होतं ते सवय नसल्यामुळे. लांब ‘एस’ (‘एस’चं जुनं, उभट रूप) आणि ‘एफ’ यांत गोंधळ होतो, पण ‘एफ’ची आडवी रेघ दांड्याच्या आरपार जाते, लांब ‘एस’ला फार तर डावीकडे बारीकसं टोक असतं. एवढं लक्षात ठेवलं तरी पान निम्मं सुटतं.

बऱ्याचदा दोष वापरणाऱ्याचा असतो. यातली कॅपिटल अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एकेकटी शोभावीत म्हणून नक्षीदार केलेली. अख्खं नाव कॅपिटलमध्ये लावलं की नुसती जाळी दिसते. अक्षरांत जास्त अंतर सोडलं तर उभ्या दांड्यांची लयही तुटते. प्रमाणपत्राचा मथळा, मासिकाचं नाव, बिअरचं लेबल अशा दोन-चार शब्दांसाठी ते खुशाल घ्या, ठळक आकारात. खालचा बारीक मजकूर मात्र साध्या रोमन टाइपात लावा.