गुरुजी, बाईंवर भरवसा आहे म्हणूनच

आदरणीय गुरुजी,

लेक बालवर्गात जाऊ लागली तेव्हा तिला मी काय काय सांगितले, या माझ्या लेखावर आपण प्रतिक्रिया लिहिली आहे. आपण नाव दिलेले नाही. खाली 'एक निवृत्त गुरुजी, जि. बीड' एवढीच सही आहे, म्हणून गुरुजी म्हणते. इतर वाचकांना संदर्भ लागावा यासाठी आपले म्हणणे आपल्याच शब्दांत आधी देते: "ताई, साडेतीन वर्षांच्या लेकराला चौदा उपदेश? ते काय लक्षात ठेवणार? लेकराला शाळेत घालताना एकच सांगायचे असते, बाईंचे ऐक. तुम्हा शहरातल्या बायकांचा बाईंवर भरवसा नसतो, आणि तोच अविश्वास तुम्ही लेकरात उतरवता. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांना बालवाडीच नशिबी नाही, त्यांच्यासाठी दोन ओळी लिहा. तुमच्या लेखात अंगणवाडी हा शब्दसुद्धा नाही. असले लेख कौतुकासाठी लिहिले जातात."

अंगणवाडी हा शब्द लेखात नव्हता, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. अंगणवाड्या जिच्याखाली चालतात ती एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, आणि तेव्हापासून मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतल्या असंख्य लेकरांची पहिली शाळा अंगणवाडीच राहिली आहे. तो शब्द मी आता लेखात घातला आहे.

आता आपल्या भाषेविषयी. ज्या प्रतिक्रियेची सुरुवात 'ताई' या शब्दाने होते ती चार वाक्यांत 'तुम्हा शहरातल्या बायका' येथपर्यंत पोहोचते, याचे मला खरोखर वाईट वाटले. आयुष्यभर वर्गात उभे राहिलेल्या माणसाला शब्दाचे वजन सांगावे लागू नये. मी कुठली, माझ्या घरी कोण काय करत होते, यातले काहीही आपल्याला ठाऊक नाही; तरीही माझ्या मनात शिक्षकांविषयी अविश्वास भरलेला आहे, असा निवाडा आपण एका ओळीत देऊन मोकळे झालात. कौतुकासाठी लिहिले, हा आरोप तर असा आहे की त्याला कोणतेही उत्तर दिले तरी ते कौतुकासाठीच दिले असे म्हणता येते. म्हणून तो मी सोडून देते आणि भरवशाच्या वाक्याकडे येते, कारण ते मला लागले आहे.

मी आज परभणीत राहते, पण वाढले जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात, आणि माझी आई त्याच गावात अंगणवाडी सेविका होती. गावाला अंगणवाडीची इमारत मिळण्यापूर्वी ती मारुतीच्या देवळात लेकरे घेऊन बसत असे. बालशिक्षण हे तिच्या अनेक कामांपैकी एक काम होते. पूरक आहार, लसीकरणाच्या दिवशी घरोघर निरोप, दर महिन्याला लेकरांची वजने, गरोदर बायांच्या नोंदी, कुणाचे वजन घटत असेल तर त्याला दवाखान्यापर्यंत नेणे, आणि या सगळ्याची रजिस्टरे. मदतनीस आली नाही तर चूलही तिलाच पेटवावी लागे. एवढे करून हाती पडे ते मानधन. त्याला पगार म्हणायची सोय तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. गुरुजी, बाईंचे काम काय असते हे मी त्यांच्या पदराआडून पाहिलेले आहे. माझ्याइतका भरवसा बाईंवर फार थोड्या पालकांचा असेल, आणि तो आंधळा नाही, म्हणूनच तो टिकला आहे.

लेकीला मी जी पहिली गोष्ट सांगितली, शूला लागली की जागेवरून उठून बाईंना हाक मारायची, ती मुळात माझ्या आईची आहे. नवे लेकरू दाखल झाले की ती त्याच्या मायला बाजूला घेऊन हेच शिकवून पाठवायला सांगे. एकदा एक मुलगा सकाळभर ओल्या चड्डीत भिंतीला टेकून बसून राहिला. तो रडला नाही, बोलला नाही, आणि खिचडीच्या गडबडीत आईच्याही ध्यानात आले नाही. त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली नव्हती. "बोलणारं लेकरू मला दिसतंय, गप बसलेलं दिसंना," असे ती म्हणाली होती. बोलायला शिकवून पाठवलेले लेकरू हा बाईंवरचा अविश्वास नसून बाईंना केलेली मदत आहे, हे त्या एका वाक्यात आहे. ज्याच्यावर भरवसा असतो त्यालाच माणूस आपली अडचण सांगतो. ज्याचा धाक असतो त्याच्यासमोर तो गप्प बसतो.

मला स्वतःला मात्र पुढे तालुक्याच्या शाळेत घातले तेव्हा वडिलांनी आपण म्हणता तेच एक वाक्य सांगून सोडले होते: बाईंचे ऐक. मी ऐकले. हाताची घडी, तोंडावर बोट, या आज्ञेत मी वर्गात सगळ्यांत चांगली होते. अंगात ताप घेऊन शाळा सुटेपर्यंत त्याच घडीत बसून राहिले, कारण बोट तोंडावरून काढायची परवानगी कशी मागतात हे मला कुणी सांगितलेलेच नव्हते. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना कळले असते तर त्यांनी मला उचलून घरी पोहोचवले असते, याविषयी माझ्या मनात आजही शंका नाही. पण त्यांना कळले नाही, आणि ते कळवणे माझ्या हातात होते. आज्ञा पाळणारे लेकरू सुखरूप असते, ही आपली समजूत मला त्या दिवसापासून मान्य नाही.

लेकराचे ऐकून घेणे हे शहरी खूळ आहे असे आपल्या लिहिण्यातून सूचित होते, म्हणून थोडे मागे जाऊ. बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या गिजुभाई बधेकांनी गुजरातेत भावनगरला बालमंदिर सुरू केले ते 1920 मध्ये. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 मध्ये डहाणूकडच्या बोर्डीला आल्या, आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर त्यांनी बालवाडी लेकरांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या लेकरांसाठी कुरणशाळा चालवली. धाक आणि मार यांवाचून लहान लेकरू शिकते, हे या मंडळींनी करून दाखवले, आणि ते शहरातल्या बंगल्यांत दाखवलेले नाही. कायद्याला तेथपर्यंत यायला 2009 उजाडावे लागले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. आपण सेवेत असताना ही मनाई कागदावर आली की नाही हे मी विचारत नाही; ती आता आहे, एवढे मात्र आपण ध्यानात घ्यावे.

आणि 'एकच सांगायचे असते' असे जेव्हा आपण लिहिता तेव्हा 2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला काय घडले ते आपल्या डोळ्यांपुढे कसे येत नाही? बालवर्गातल्या दोन लहानग्या मुलींवर शाळेच्या आवारातच अत्याचार झाल्याची ती तक्रार होती, आणि ती पुढे आली ती लेकरांनी घरच्यांजवळ तोंड उघडले म्हणून. कुणीही मोठ्या माणसाने 'घरी सांगू नको' म्हटले तर तेच आधी घरी सांगायचे, हे मी लेकीला सांगितले आहे आणि सांगत राहणार आहे. ते ऐकून एखाद्या बाईंना राग येईल असे मला वाटत नाही. माझ्या लेकीच्या बाईंना तर मी स्वतःच हे सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि पालकसभेत सगळ्यांनाच सांगा म्हणाल्या.

चौदा गोष्टी साडेतीन वर्षांच्या लेकराच्या लक्षात राहणार नाहीत, या आक्षेपाला मी फार किंमत देत नाही. त्या एका सकाळी पाठ करून घेतलेल्या नव्हत्या. वेणी घालताना, डबा भरताना, गाडीवर बसल्यावर सांगत गेले, आणि आई हे काम आयुष्यभर करतेच. ऊसतोडीच्या लेकरांचे म्हणाल, तर आगाऊ उचल घेऊन दिवाळीनंतर माणसे उसाच्या फडावर जातात, लेकरे तिथल्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहतात आणि अंगणवाडी गावातच राहते, हे मला माहीत आहे. तो विषय दोन ओळींचा नाही आणि माझ्या लेखाचाही नव्हता. ज्याचा विषय त्याने लिहावा. आपण बीडचे आहात, आपल्याला तो माझ्यापेक्षा जवळचा आहे.

शेवटी एक गोष्ट राहिली. 'बाईंचे ऐक' हे वाक्य माझ्या लेखात आहे. तिसऱ्या क्रमांकावर आहे, त्याच्या आधी शूचे आणि पाण्याचे आहे. आपण लेख तेथपर्यंत वाचला असता तर निम्मी प्रतिक्रिया लिहावी लागली नसती. तो क्रम मी विचार करून लावला आहे आणि बदलणार नाही, कारण जूनच्या उकाड्यात पाणी न पिता, लघवी दाबून बसलेल्या लेकीला बाईंनी शिकवलेले काहीच ऐकू जात नाही. यापुढे काही लिहायचे असल्यास नावानिशी लिहावे, आणि 'तुम्हा बायका' हे शब्द वगळून लिहावे. उत्तर नक्की मिळेल.