सलाईनवरचा ट्रॅक्टर

आमचा ट्रॅक्टर डिझेल गळतो, असं आबांसमोर म्हणायची सोय नव्हती. इंजिनाला घाम येतोय, एवढंच त्यांचं म्हणणं. हा घाम धरायला खाली एक जुनं घमेलं ठेवलेलं असायचं. रोज सकाळी आबा ते उचलून आतलं डिझेल धोतराच्या फडक्यातून गाळायचे आणि परत टाकीत ओतायचे. घाम परत अंगात कोण ओततं, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

ट्रॅक्टर म्हणजे मॅसी फर्ग्युसन १०३५. इंजिन तीन सिलिंडरचं, मूळ घडण इंग्लंडच्या पर्किन्सची, बनवलेलं मद्रासच्या सिम्पसननं. वयानं माझ्यापेक्षा मोठा, त्यामुळं घरात मानही माझ्यापेक्षा जास्त. पण यंदा घमेलं संध्याकाळीच भरायला लागलं आणि खंडेनवमी तोंडावर आली. पूजेच्या दिवशी ट्रॅक्टरला झेंडूचा हार घालायचा, उदबत्ती लावायची, आणि खाली डिझेलचं तळं! आई म्हणाली, "उदबत्ती लांब लावा न्हायतर आधी नळ्या बदला." आबांनी उदबत्तीची जागा बदलून बघितली. मग नाइलाजानं नळ्यांना परवानगी दिली.

आमचं गाव पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडीच्या शेजारात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथल्या उजाड माळावर कारखाना आणला, तेव्हापासून आमच्या भागात घरटी एक तरी निवृत्त फिटर असतो. आमच्या वाट्याला तात्या आलेत, आबांचे चुलतभाऊ. मी आपला गळती नळी तेवढी बदलायच्या विचारात होतो. तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "एका पोरीचं लगीन काढलं की धाकटी गप बसती व्हय? सगळी लाईन बदलायची."

बॉनेट उघडलं आणि घराण्याचा इतिहासच समोर आला. टाकीखालच्या कॉकच्या बुडाला आबांचं एम-सील, त्याखाली आजोबांचा अंगाचा साबण, मधे सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि वरून सुतळी. कळस होता परतीच्या नळीचा. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलमधून उरलेलं डिझेल या नळीनं वर टाकीच्या माथ्याला जातं. तिथं कुठल्याशा साली म्हशीला लावलेल्या सलाईनची नळी बसवलेली होती! म्हैस वारली, नळी कामी आली. डिझेल पिऊन पिऊन ती पिवळी आणि लाकडासारखी कडक झाली होती, आणि टाकीच्या तोंडाशी तडकली होती. "ही राहू द्या," आबा म्हणाले, "ही चांगली हाय." तात्यांनी ती उपटून फेकली. आबांनी ती उचलून खिशात घातली.

आता पाने. माझ्याकडं मिलिमीटरच्या पान्यांचा चकचकीत सेट आहे. तो या ट्रॅक्टरपुढं निव्वळ शोभेचा. हे इंजिन इंचातलं. अकराचा पाना नटावर चढत नाही, बाराचा चढतो आणि नटाचे कोपरे खाऊन परत येतो. चौदा-पंधराची तीच कथा. तेराचा तेवढा अर्ध्या इंचाच्या नटावर नाइलाजानं बसतो. तात्या घरून त्यांची पेटी घेऊन आले. त्यात सगळा कारभार सुतावर. आठ सूत म्हणजे इंच. "साडेतीन दे," म्हणाले की सात सोळांश द्यायचा. मी कॉमर्सचा पदवीधर, पण शेजारची दहावीतली पोरं माझ्याआधी पाना उचलून देत होती.

सुट्ट्या भागांसाठी सांगलीला गेलो. काउंटरवरचा माणूस मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "सॅम्पल?" मी रुमाल सोडला. त्यानं नळीच्या टोकाची पितळी कडी म्हणजे ऑलिव्ह, पोकळ बेंजो बोल्ट, कॉकचं निपल, सगळं नखानं इकडंतिकडं केलं.

"कंपनीचं पाहिजे का चालणारं पाहिजे, पावणं?"

कंपनीचं चालत नाही का, असं मी विचारलं. त्याला तो विनोद वाटला नाही. डिझेलची नळी मागितली तर आधी त्यानं फवारणीच्या पंपाची काढली. म्हणाला, सगळे हीच नेतात. पण साधं रबर डिझेलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि आतून सोलून फिल्टरमध्ये जाऊन बसतं, हे तात्यांनी निघताना माझ्याकडून घोकवून घेतलं होतं. मी ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. काउंटरवाल्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं आणि आतून दुसरी नळी आणली. या यशाच्या भरात तांब्याची वायसरं मागणार, तेवढ्यात बायकोचा फोन आला. तिला भडंग हवं होतं. भडंग आलं, वायसरं राहिली.

तात्या म्हणाले, जुनीच वापरू. नट आवळला की तांब्याचं वायसर दबतं आणि कडक होतं, मग परत बसवताना ते फट बुजवत नाही. त्याला लाल तापवून पाण्यात टाकलं की पुन्हा मऊ होतं. आईनं चहाचं पातेलं उतरवलं आणि गॅस आमच्या ताब्यात दिला. चिमट्यात धरलेलं वायसर लाल झालं, वाटीतल्या पाण्यात चुर्र झालं. तात्या रंगात आले होते. "बगा वैनी, पोलाद तापवून पाण्यात टाकलं तर आणखी कडक हुतं. तांबं मऊ पडतं."

आई म्हणाली, "मग तुमच्या घराण्यात तांब्याचं कुणी न्हाय म्हणायचं."

नव्या नळ्या चढल्या. पंपाकडून नोझलकडं जाणाऱ्या इंजेक्टरच्या तीन लोखंडी नळ्यांना मात्र तात्यांनी हात लावू दिला नाही. त्या शाबूत होत्या. तिन्ही वाकड्यातिकड्या का, सरळ का नाहीत, असं पुतण्यानं विचारलं. तिन्हींची लांबी सारखी राहावी म्हणून. एक सिलिंडर पंपाच्या जवळ, एक लांब. नळी लहानमोठी झाली तर डिझेल वेळेवर पोचायचं नाही. त्या नळ्यांतला दाब हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट. तिथली धार बोटाला लागली तर कातडी भेदून आत जाते, म्हणून गळती बघायची ती पुठ्ठा धरून. हे ऐकून आजूबाजूचे सल्लागार दोन पावलं मागं सरले. तेवढाच उजेड आला.

मग हवा काढायची. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडाच खातो आणि नोझल उघडतच नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून मी टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची दांडी हलवायला लागलो. दांडी नुसती झुलत होती. आत या पंपाला हलवणारा कॅम चढावर थांबलाय, इंजिन जरासं फिरवा, असं तात्या म्हणाले. फिरवलं, दांडीला जोर आला. आधी फेस आला, मग फेस-डिझेल, मग निव्वळ डिझेल. ट्रॅक्टर सुरू झाला. घमेलं कोरडं. आईनं ते धुऊन शेण भरायला नेलंसुद्धा.

मी मळ्याकडं निघालो. ओढ्याच्या चढापर्यंत गडी झोकात गेला आणि तिथं आचके देऊन गप्प झाला. फिल्टरचा स्क्रू काढून बघितला तर डिझेल येईना. नळ्या पुन्हा तपासल्या, नट आवळले, कॉक उघडा आहे ना ते बघितलं. शेवटी आबा आले. त्यांनी टाकीचं टोपण काढलं, करडईची काडी आत बुडवून डिझेल किती आहे ते बघितलं, टोपण लावलं, म्हणाले, "मार स्टार्टर." सुरू! पुढच्या बांधावर परत बंद. परत आबा, परत काडी, परत सुरू. सगळ्या शिवारात झालं की ट्रॅक्टर फक्त आबांच्या हाताला ओळखतो. आबांनी ते खोडून काढलं नाही. उलट चालण्यात जरा ऐट आली.

तात्या मात्र टोपण उघडताना कान देऊन उभे होते. "फुस्स झालं ते ऐकलं का?" त्यांनी टोपण आबांच्या हातातून काढून घेतलं आणि उलटं केलं. आत दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक, व्यवस्थित गोल कापलेलं. टोपणाला हवा आत जायला एक बारीक भोक असतं. ते बंद केलं की डिझेल उपसलं जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि टाकी डिझेल सोडतच नाही.

"पावसाचं पानी जाऊ ने म्हणून घातलंय," आबा म्हणाले. "पाच-सात वर्सं हाय की ते."

"मग इतकी वर्सं बंद कसा न्हाय पडला?"

तात्यांना उत्तर सुचलं तसा त्यांचा चेहरा पडला. टाकीच्या माथ्याशी तडकलेल्या त्या सलाईनच्या नळीतून हवा आत जात होती. आम्ही नवी नळी लावून ती वाटही पक्की बुजवली होती.

आबांनी खिशातून पिवळी नळी काढली, फुंकर मारून आरपार बघितली आणि तात्यांच्या हातात दिली. "मी तवाच म्हणलं व्हतं, ही चांगली हाय."