‘फक्त आपल्या लोकांसाठी?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जर्मनीतल्या ज्यू कार्यकर्त्या बर्था पापेनहाइम यांच्या समाजकार्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. ‘छान लेख’, ‘नवीन माहिती मिळाली’ या ओळींपेक्षा ती मला मोलाची वाटली, म्हणून जरा सविस्तर उत्तर देते. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. एक, मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या पुस्तकातली गाजलेली रुग्ण ‘ॲना ओ’ म्हणजे याच बाई, हे मी एका वाक्यात उरकलं. दोन, आयुष्यभर फक्त ज्यूंसाठी राबलेल्या बाईला ‘समाजसेविका’ म्हणणं म्हणजे जातीपुरत्या कामाला मखरात बसवणं. तीन, नाझी काळात ज्यू मुलांना पॅलेस्टाइनला नेण्याला त्यांचा विरोध होता, ते मी लिहिलं नाही. आणि जाता जाता तुम्ही विचारलंय, की असलं कौतुक खुद्द बाईंना तरी आवडलं असतं का?

ॲना ओचं आधी. ते एका वाक्यात ठेवलं ते जाणूनबुजून, आणि पुन्हा लिहिलं तरी तसंच ठेवीन. व्हिएन्नातल्या सनातनी ज्यू घरातली ही मुलगी १८५९ सालची. भाऊ पुढे शिकला, हिची शाळा सोळाव्या वर्षी संपली. १८८० मध्ये आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता तीही आजारी पडली. डॉ. योझेफ ब्रॉयर यांनी १८८२ पर्यंत तिच्यावर उपचार केले आणि १८९५ मध्ये फ्रॉइडबरोबरच्या पुस्तकात ही कहाणी टोपणनावाने छापली. तिथे वाचलं तर बोलून बोलून पोर बरी झाली असंच वाटतं. प्रत्यक्षात जुलै १८८२ मध्ये तिला स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइट्सलिंगनच्या आरोग्यधामात ठेवावं लागलं होतं, तेही मॉर्फिनची सवय जडलेल्या अवस्थेत. त्यानंतरही १८८७ पर्यंत रुग्णालयाच्या वाऱ्या चालूच राहिल्या. एलनबर्गर या इतिहासकाराने १९७२ मध्ये जुनी कागदपत्रं उजेडात आणली तेव्हा हे कळलं. आणि ‘ॲना ओ’ म्हणजे बर्था हे जाहीर केलं फ्रॉइडचे चरित्रकार अर्नेस्ट जोन्स यांनी, १९५३ मध्ये, बाई जाऊन १७ वर्षं झाल्यावर. स्वतः बाई त्या दिवसांबद्दल बोलत नसत, आणि आपल्या संस्थेतल्या मुलींवर मनोविश्लेषणाचा प्रयोग कुणी सुचवला तर त्यांना तो मुळीच खपत नसे. विशीतल्या काही वर्षांच्या आजारपणाने पुढची जवळजवळ पन्नास वर्षं झाकून टाकायची, हे काम इतरांनी भरपूर केलंय.

खरा वाद तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचा. ‘फक्त आपल्या लोकांसाठी’ म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा ज्ञातीची शिष्यवृत्ती, ज्ञातीचं वसतिगृह, वार्षिक स्नेहसंमेलन आणि शाल-श्रीफळ असावं. तसं असतं तर मीही हात जोडले असते. पण या बाई आपल्याच समाजाच्या डोळ्यांत सलत होत्या, आणि का सलत होत्या ते सांगायला हवं.

१८८८ मध्ये त्या आईबरोबर फ्रँकफर्टला आल्या. आधी गरिबांच्या अन्नछत्रात सूप वाढायला उभ्या राहिल्या, मग १८९५ पासून सुमारे बारा वर्षं ज्यू मुलींच्या अनाथालयाच्या गृहमाता होत्या. १९०३ च्या सुमारास त्या गॅलिशियात गेल्या. आज पोलंड आणि युक्रेनमध्ये वाटला गेलेला हा प्रांत तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. दारिद्र्य एवढं, की मुलीला ‘स्थळ’ आलं की आईबाप फारशी चौकशी करत नसत. लग्न धार्मिक विधीने लागायचं, सरकारदरबारी नोंद नाही, म्हणजे कायद्याच्या लेखी लग्नच नाही. दलालांना याहून सोयीचं काय हवं? नवरदेव बनून यायचं, विधी उरकायचा आणि नवरीला बोटीवर चढवायचं. ब्युनोस आयर्स, कॉन्स्टँटिनोपल, अलेक्झांड्रिया ही त्या व्यापाराची ठाणी, आणि त्या यादीत आपली मुंबईही होती. कामाठीपुऱ्यालगतची ‘सफेद गल्ली’ ज्या गोऱ्या बायकांमुळे ओळखली जायची, त्यांत पूर्व युरोपातून आणलेल्या ज्यू मुलीही होत्या. हे वाचल्यापासून हा विषय मला परका राहिलेला नाही.

यातले कितीतरी दलाल ज्यू होते, मुलीही ज्यू. बाईंनी ते तसंच्या तसं लिहिलं आणि सभांमधून बोलून दाखवलं. समाजातल्या प्रतिष्ठितांचं म्हणणं असं की झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्यूद्वेष्टे टपूनच बसले आहेत, त्यांच्या हाती कोलीत कशाला द्या? ही भीती खोटी नव्हती, हेही मान्य करायला हवं. १९१० मध्ये लंडनच्या ज्यू परिषदेत बाईंनी त्यावर काहीशा वैतागानेच सांगितलं, की कबूल केलं तर शत्रू बोट दाखवणार आणि नाकारलं तर लपवताय म्हणणार. मग निदान मुली तरी वाचवा, हा त्यांचा हिशेब.

रब्बींशी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंशीही, त्यांचं वाजलंच. नवरा अमेरिकेला जातो आणि बेपत्ता होतो. तो मेल्याचा पुरावा नाही, त्याच्या हातचं घटस्फोटपत्र नाही, त्यामुळे बायकोला धर्मशास्त्राप्रमाणे पुन्हा लग्न करता येत नाही. अशी बाई दलालाच्या गळाला सहज लागते. हा नियम शास्त्राच्या चौकटीत राहूनच सैल करा, असं बाई मागत राहिल्या. त्या स्वतः धर्म पाळणाऱ्या होत्या, सुधारणावाद्यांच्या गोटातून बोलत नव्हत्या, म्हणून तर त्यांचं बोलणं जास्त झोंबायचं. १९०४ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांचा महासंघ उभा केला आणि १९२४ पर्यंत त्याच्या अध्यक्ष राहिल्या. विसाच्या दशकाअखेर त्यात सुमारे ५०,००० बायका होत्या. दानधर्म केलेला पुरुषांना चालायचा. महासंघ मात्र ज्यू पंचायतीत मतदानाचा हक्क मागू लागला, आणि त्यावर कपाळावर आठ्या पडल्या.

मग नोइ-इझेनबुर्गचं घर. २५ नोव्हेंबर १९०७ ला ते सुरू झालं. लग्नाआधी दिवस गेलेल्या ज्यू मुली, त्यांची बाळं, दलालांच्या तावडीतून सुटलेल्या किंवा तिकडे ओढल्या जाऊ शकणाऱ्या पोरी, अशांसाठी. ख्रिस्ती आश्रमात धर्मांतराचा धाक आणि ज्यू संस्थांमध्ये ‘आमच्यात असलं होत नाही’ हे उत्तर, या दोहोंच्या मधोमध त्या मुली उभ्या होत्या. जागेची निवड बघा. फ्रँकफर्ट प्रशिया या जर्मन राज्याच्या अमलाखाली, तिथे बिनराष्ट्रीयत्वाच्या लोकांना राहू देण्याचे नियम कडक. नोइ-इझेनबुर्ग शेजारीच, पण हेसे या दुसऱ्या राज्याच्या हद्दीत, तिथले नियम सैल, शिवाय फ्रँकफर्टला जायला आगगाडी. पूर्वेकडून आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलीला ठेवून घ्यायचं तर हद्द बदलायला हवी, इतका बारीक विचार त्यामागे होता. अशा कामाला मी समाजकार्य म्हणते. जुळी घरं एका नातेवाईक बाईंनी देऊ केली. स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांप्रमाणे, शब्बाथ हा शनिवारचा विश्रांतीचा दिवस पाळला जायचा, राहणी मुद्दाम साधी, कारण बाहेर पडल्यावर मुलींना तुटपुंज्या पैशांतच संसार करायचा होता. बागेत एक कारंजं होतं, ‘हाकलून दिलेला करकोचा’ नावाचं, बाईंच्याच एका कथेवरून केलेलं. तिकडे बाळं करकोचा आणतो असं मुलांना सांगतात. नको असलेल्या बाळांच्या घरात हे शिल्प! बाईंची विनोदबुद्धी अशी तिरकस होती.

त्यांच्यावर टीका करायची तर मी तुम्हाला याहून चांगला मुद्दा देते. मुलींना त्यांनी मुख्यतः घरकाम शिकवलं. स्वतः इंग्लिश लेखिका मेरी वोल्स्टनक्राफ्टचं स्त्री-हक्कांवरचं पुस्तक १८९९ मध्ये जर्मनमध्ये आणणारी बाई, आणि हाताखालच्या पोरींना धुणं, शिवण, बालसंगोपन. शिवाय स्वभाव हुकमी. मला हे खटकतं. पण तुमचा आक्षेप हा नव्हता.

आता पॅलेस्टाइन. तो लेख अध्यक्षपदाच्या वर्षांपुरता होता, म्हणून १९३३ नंतरचं त्यात आलं नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे. रेखा फ्रायर यांनी बर्लिनमध्ये मुलांना पॅलेस्टाइनला धाडण्याची चळवळ सुरू केली, तिला पापेनहाइमबाईंचा ठाम विरोध होता. झायनवाद, म्हणजे ज्यूंनी पॅलेस्टाइनमध्ये आपला देश उभारावा हा विचार, त्यांना आधीपासूनच पटत नव्हता. त्यात मुलांना आईबापांपासून तोडायचं, हे तर अनाथालयात आयुष्य घालवलेल्या बाईला सोसणारं नव्हतंच. १९३४ मध्ये त्या स्वतः काही मुलांना घेऊन ग्लासगोच्या अनाथालयात सोडून आल्या, पण एकूण विरोध कायम होता. ज्यूंचं नागरिकत्व हिरावून घेणाऱ्या १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनंतर त्यांचं मत ढळू लागलं. त्यांचा तो निर्णय चुकला, आणि फार महाग पडेल असा चुकला. इथे मी त्यांची बाजू घेणार नाही. एवढंच, की पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळे आपल्याला आज उत्तर सोपं वाटतं. बाईंना त्या कायद्यांनंतर जेमतेम आठ महिने मिळाले म्हणा ना. एप्रिल १९३६ मध्ये, कर्करोगाने खंगलेल्या असताना, नोइ-इझेनबुर्गच्या घरातली एक मतिमंद मुलगी हिटलरबद्दल काहीतरी बोलली म्हणून गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना चौकशीला बोलावलं. त्या गेल्या, शांतपणे जबाब दिला आणि २८ मे ला वारल्या. १० नोव्हेंबर १९३८ ला घराची मुख्य इमारत जाळली गेली, ३१ मार्च १९४२ ला उरलेलं घर बंद करण्यात आलं. महासंघाचं काम पुढे नेणाऱ्या हाना कार्मिन्स्की त्याच वर्षी ऑशविट्झला पाठवल्या गेल्या आणि तिथेच त्यांचा अंत झाला. १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीने ‘मानवतेचे साहाय्यक’ या मालिकेत बाईंचं टपाल तिकीट काढलं. त्या तिकिटाबद्दल माझ्याही मनात फारसं बरं नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, कौतुक आवडलं असतं का. बाईंनी जिवंतपणीच स्वतःचे पाच मृत्युलेख लिहून ठेवले होते, पाच वेगवेगळ्या ज्यू नियतकालिकांच्या थाटात. सनातन्यांचं पत्र म्हणतं, घराण्याने आणि बुद्धीने ही बाई आमच्या किती कामाची होती, फुकट गेली. झायनवाद्यांचं पत्र म्हणतं, जुनी कट्टर विरोधक, पण ज्यूपण अस्सल होतं. प्रत्येकाचा शेवट एकच, ‘किती वाईट झालं!’ पाचवा त्यांच्याच महासंघाच्या मासिकासाठी आहे. त्याचा आशय असा, की महासंघ स्थापल्याबद्दल जगभरच्या ज्यू स्त्री-पुरुषांनी हिचे आभार मानायला हरकत नव्हती. पण ते मानत नाहीत. किती वाईट झालं!

तेव्हा आवडलं नसतं, असं म्हणायला माझी तयारी नाही.