‘धुमधडाका’, मेहमूद आणि सगळ्यांनी विसरलेला श्रीधर

‘धुमधडाका’ कधीही टीव्हीवर लागला की तो फिरता मेसेज पुन्हा जिवंत होतो. त्याचा मथितार्थ असा: महेश कोठारेंचा 1985चा ‘धुमधडाका’ म्हणजे हिंदी ‘प्यार किए जा’ची फ्रेम टू फ्रेम कॉपी, भुताची गोष्ट सांगायचा सीन मूळ मेहमूदचा, आणि साउथमध्ये त्या काळी पौराणिक नि रडके सिनेमेच निघत, हलकीफुलकी प्रेमकथा त्यांना ठाऊकच नव्हती. खाली हसणाऱ्या बाहुल्या. तीन वाक्यं, आणि तिन्हीत गडबड.

मूळ कोणतं, हे आधी. 1964 साली तमिळमध्ये ‘कादलिक्क नेरमिल्लै’ आला. म्हणजे ‘प्रेम करायला वेळ नाही’. दिग्दर्शक सी. व्ही. श्रीधर. पुढच्या वर्षी तेलुगूत ‘प्रेमिंची चूडु’ निघाला आणि 1966 साली खुद्द श्रीधरनेच तो हिंदीत ‘प्यार किए जा’ म्हणून केला. नायिकांपैकी राजश्रीही त्याने सोबत आणली. (ही दाक्षिणात्य राजश्री. व्ही. शांतारामांची मुलगी वेगळी. हा घोळ त्याच मेसेजखाली हमखास होतो.) तेव्हा मूळ हिंदीच, असं म्हणणाऱ्यांनी निदान साल तरी बघावं.

रडक्या सिनेमांच्या आरोपात मात्र गंमत आहे, कारण श्रीधर स्वतः रडवण्यातला उस्ताद होता. 1959चा ‘कल्याण परिसु’ त्याचा. 1962चा ‘नेंजिल ओर आलयम’ही त्याचाच, तोच हिंदीत ‘दिल एक मंदिर’ झाला आणि अख्ख्या देशाचे रुमाल ओले झाले. मग हाच माणूस ‘कादलिक्क नेरमिल्लै’साठी चित्रालय गोपूला लेखनाला घेऊन एकदम हसवायला बसला. त्यातही एम.जी.आर., शिवाजी गणेशन असे बडे तमिळ तारे नाहीत. नायक रविचंद्रन हा कोरा करकरीत चेहरा. सिनेमा ईस्टमन कलरमध्ये, कॅमेऱ्यामागे ए. विन्सेंट, संगीत विश्वनाथन–राममूर्तींचं. मराठीत रंगीत सिनेमा रुळायला सत्तरचं दशक उजाडलं, हे ‘गावठी साउथ’वर हसताना आठवलेलं बरं.

आणि श्रीधरनेच हलक्याफुलक्या प्रेमकथेचा हा प्रकार तमिळमध्ये पहिल्यांदा आणला असंही नाही. 1955चा एल. व्ही. प्रसादांचा ‘मिस्सियम्मा’ घ्या. नोकरीसाठी नवरा-बायको असल्याचं सोंग घेणारे दोन मास्तर, जेमिनी गणेशन आणि सावित्री. ती गोष्ट मुळात बंगालीतून आलेली, पुढे ‘मिस मेरी’ होऊन हिंदीत गेली. गोष्टी अशाच फिरत आल्या आहेत, आणि कधी चोरून, कधी रीतसर हक्क घेऊन.

आता तो भुताच्या गोष्टीचा सीन, ‘कादलिक्क नेरमिल्लै’मधला. जमीनदार विश्वनाथन म्हणजे टी. एस. बालय्या. आळियार धरणाच्या परिसरात चित्रित झालेल्या या सिनेमात त्याला दोन मुली आणि एक दिवटा मुलगा आहे, चेल्लप्पा. त्याला सिनेमा काढायचाय. ‘ओहो प्रॉडक्शन्स’ अशी कंपनीही त्याने काढलीय, फक्त पैसे बापाने द्यायचेत. हा चेल्लप्पा म्हणजे तमिळ विनोदी नट नागेश. तो बापाला आपल्या भयपटाची गोष्ट ऐकवतो. पार्श्वसंगीत तोच, दार करकरणं तोच, पावलं तोच, किंकाळीही त्याचीच. पण माझ्या मते तो सीन नागेशपेक्षा बालय्याचा आहे. बालय्या जवळजवळ बोलतच नाही. आधी ‘कार्ट्याचं ऐकून घेऊ’ असा तोरा, मग चेहरा हळूहळू उतरत जातो, डोळे विस्फारतात, आणि शेवटी हा बडा जमीनदार भेदरलेलं पोर होऊन बसतो. ऐकणारा घाबरला नाही तर सांगणाऱ्याचे सगळे आवाज फुकट गेले असते. हिंदीत हे काम ओमप्रकाशने केलं आणि झकास केलं. मेहमूदही अफाटच; त्याचं श्रेय कुणी काढून घेत नाहीये. पण वाट नागेशने पाडलेली. असं एकदाच घडलं असंही नाही. नागेशचा ‘सर्वर सुंदरम’ 1964चा, आणि मेहमूदचा ‘मैं सुंदर हूँ’ 1971चा, त्याच्यावरूनच.

राहिला ‘धुमधडाका’. तो ‘प्यार किए जा’वर बेतलेला आहे, हे खरंच आहे, तेवढा भाग मेसेजमध्ये बरोबर. ‘फ्रेम टू फ्रेम’ मात्र साफ चूक. नायकाचा खोटा श्रीमंत बाप होणाऱ्या मित्राकडेच बघा. तमिळमध्ये ते सोंग मुत्तुरामनने घेतलं. दोनच वर्षांपूर्वी ‘नेंजिल ओर आलयम’मध्ये हाच हॉस्पिटलच्या खाटेवर पडून होता, त्यामुळे त्याने दाढी लावून म्हाताऱ्याचा आव आणण्यातच निम्मा विनोद होता. हिंदीत किशोरकुमार; तो दाढीआडूनही किशोरकुमारच राहतो, आणि लोकांना तेच हवं असतं. मराठीत अशोक सराफांचा यदुनाथ जवळकर. ‘व्याख्या विख्खी वुख्खू’ मुत्तुरामनकडे कुठे आहे? किशोरकुमारकडे तरी कुठे? समोर धनाजीराव वाकडे झालेले शरद तळवलकर असल्यामुळे ती जुगलबंदी आपल्या रंगभूमीच्या चालीने जाते. वाक्य कुठे टाकायचं आणि समोरच्याला हसायला किती जागा द्यायची, याचा तळवलकरांचा हिशेब नाटकातला आहे. तो मद्रासहून आला नाही आणि मुंबईच्या हिंदी स्टुडिओतूनही नाही.