पन्नाशीनंतर फुला, पण आधी साठ जणांचे पोहे करा

मैत्रिणींनो, पन्नाशी उलटली का? अभिनंदन. आता तुम्हाला स्वतःला शोधायचंय. मलाही हे गेल्या शनिवारीच कळलं. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक लाईफ कोच येऊन गेले, वय असेल छत्तीस-सदतीस, अंगात कोट, गालापाशी तो माईक चिकटवलेला, विषय 'पन्नाशीनंतरची नवी पालवी'. दोन तास बोलले. त्यातलं मी वीसेक मिनिटं ऐकलं असेल, तेही मागच्या पँट्रीतून, कारण साठ जणांचे पोहे आणि चहा माझ्याकडे होता. दोन दिवस आधी सेक्रेटरींचा फोन, "काकू, बायकांचाच कार्यक्रम आहे, तर नाश्त्याचं तुम्हीच बघा ना." शनिवारी पाचला माझा तबल्याचा क्लास असतो. तसं म्हटलं तर म्हणाले, "एक दिवस बुडला तर काय होतंय, तुम्हाला काय परीक्षा द्यायचीय?"

द्यायचीय. गांधर्वची प्रारंभिक. पण ते असो.

तर साडेतीन किलो पोहे भिजवता भिजवता जे ज्ञान कानावर पडलं त्यात पदरची थोडी भर घालून या टिपा देतेय, वहीत उतरवून घ्या.

पहिली टीप, छंद जोपासा. मात्र छंद असा हवा की घरात कुणाला ऐकू येणार नाही, कुणाला अडचण होणार नाही आणि कुकर लावायच्या वेळेला मध्ये येणार नाही. विणकाम उत्तम, नातवाला स्वेटर होतो. रांगोळी चालेल. तबला नको. सहा महिन्यांपूर्वी मी तबला-डग्गा घेऊन घरी आले तर आमच्या ह्यांनी विचारलं, "कुणाचा ठेवायला आणलास?" माझा आहे म्हटल्यावर पाच मिनिटं पेपर वाचत बसले, पान न उलटता. जाऊबाई म्हणाल्या, बायका पेटी वाजवतात गं, तबला कशाला? मी म्हटलं, आबान मिस्त्री म्हणून एक बाई होत्या मुंबईत, त्या एकल तबलावादन करायच्या, भर मैफलीत. तर म्हणाल्या, "त्या पारशी असतील." होत्या पारशी. आता यावर काय बोलणार.

आता कुठे धा धिं धिं धा हाताला बसायला लागलंय, डग्ग्यावर मनगट सरकवून घुमारा काढायला जमतंय, तर्जनीला बारकासा घट्टा पडलाय तो मी भाजी निवडताना अंगठ्यानं चाचपून बघते, तर लगेच तळमजल्यावरून निरोप आला, गुरुवारच्या आरतीला साथ कराल का. म्हणजे मी शिकते ते चोचले आणि त्यांच्या आरतीला वाजवलं की ती सेवा.

दुसरी टीप, व्यायाम करा. धावा. पण कुणासाठी तरी धावा हं. कोचसाहेबांनी पडद्यावर लता करे यांचा फोटो दाखवला. साठी ओलांडलेली बाई, बारामतीची शर्यत, नऊवारी नेसून अनवाणी धावली आणि जिंकली, का तर नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. पँट्रीत माझ्याही डोळ्यात पाणी (कांदा होताच, पण फक्त कांदा नव्हता). त्या बाईंना माझा साष्टांग नमस्कार. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात आलं, हीच बाई त्याच वयात नुसती मजा वाटते म्हणून धावली असती, घरी धडधाकट नवरा चहाची वाट बघत बसलेला असताना, तर किती टाळ्या पडल्या असत्या? मी सकाळी पावणेसहाला चालायला बाहेर पडते. मग दूध कोण तापवणार, हा प्रश्न आमच्याकडे दोन वर्षं झाली अजून सुटलेला नाही.

तिसरी, जग बघा. न्यू जर्सी बघा. व्हिजिटर म्हणून साधारण सहा महिने राहू देतात आणि त्यात बाळंतपण, बारसं आणि सुनेचं ऑफिस परत सुरू होणं बरोब्बर बसतं. बॅगेत मेतकूट, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जुन्या सुती साड्यांच्या दुपट्यांचा गठ्ठा. परत येताना फोनमध्ये नायगराचा एक फोटो. पुढचे सहा महिने विहीणबाई जग बघतात.

चौथी, अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, रात्री तीनला झोप उडते? पंख्याखाली बसा.

पाचवी, निवृत्त व्हा. ही चुकून इथे आली, नवऱ्यांची आहे.

सहावी की सातवी असेल ती, प्रेम करा. कोचसाहेब म्हणाले प्रेमाला वय नसतं, तर मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी पण वाजवली. बरोबर आहे. वय नसतं, फ्लॅट असतो.

माझी एक मैत्रीण आहे, नाव नाही सांगत, एकसष्ट वर्षांची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला, मुलगी सासरी. पुण्यात ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी एक मंडळ आहे, त्यांच्या मेळाव्याला गेली होती मागच्या वर्षी. मीच गेले होते सोबत, एसटीनं, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हटलं सरकारनं सोय केलीच आहे तर वापरू. तिथे तिची एका गृहस्थांशी ओळख झाली. बँकेतून रिटायर, बायको गेलेली, हसतात ते तोंड मिटून. मग फोन, मग कधीतरी चहा, आणि एकदा सावित्रीबाई फुले कलामंदिरात नाटक. एवढंच. तर तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन. पहिलं वाक्य, "आई, तू बरी आहेस ना?" दुसरं वाक्य, "फ्लॅटचं नॉमिनेशन बदललं नाहीस ना?" हाच मुलगा आठ मार्चला आईचा फोटो टाकतो, खाली 'माझी पहिली हिरो', दोनशे लाईक. मुलगी म्हणाली, मी सासरी काय सांगू? माणूस कसा आहे हे दोघांनीही विचारलं नाही. घोरतो का, चिडतो का, चहा करतो का. करतो. आलं ठेचून करतो, मी प्यायलेय.

बरं लग्न करावं म्हटलं तर त्यातही गंमत. तिचे मिस्टर केंद्र सरकारात होते आणि तिथला नियम असा की विधवेनं पुन्हा लग्न केलं की तिचं फॅमिली पेन्शन बंद. मूलबाळ नसलेल्या बाईला काही अटींवर सूट आहे, हिला दोन आहेत, चांगली गुणाची. त्या गृहस्थांचं पेन्शन त्यांच्या स्वतःच्या नोकरीचं, त्याला कोण हात लावतंय. म्हणजे हिनं लग्न केलं तर पैसे जाणार आणि न करता एकत्र राहिली तर अब्रू जाणार. विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६ साली. कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडात त्यांना वाळीत टाकलं होतं, आपण शाळेत हळहळत वाचलंय ते. आता वाळीत वगैरे कुणी टाकत नाही हो, एवढे मागासलेले राहिलो नाही आपण. फॅमिली ग्रुपमधून काढतात. तिला तिच्या दिरानं काढलं, रात्री अकराला, त्याच्या आधी पाच मिनिटं त्यानंच 'स्वतःसाठी जगायला शिका' असा फॉरवर्ड टाकला होता, गुलाबाच्या फुलासकट.

आणि जानेवारीतलं हळदीकुंकू. कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड म्हणून गाव आहे, शिरोळ तालुक्यात. त्या गावानं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, आणि त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकीच्यांना सांगितलं की असंच करा. आमच्या सोसायटीत दोन लिफ्ट आहेत, सोळा कॅमेरे आहेत, गेटवर ॲप आहे. तिला बोलावलं होतं, हो तर. बाहेर सगळ्यांना वाण दिलं आणि तिला हाताला धरून आत किचनमध्ये नेऊन स्टीलचा डबा दिला, "तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता हं." ती थँक्यू म्हणाली. मी शेजारी तिळगुळाचं ताट धरून उभी होते आणि मी काहीही बोलले नाही. आत्ता हे लिहिताना जो राग येतोय ना, त्यातला अर्धा माझ्यावरच आहे.

बास झाल्या टिपा.

कार्यक्रम संपल्यावर ते कोच पँट्रीत आले, दोन प्लेट पोहे खाल्ले आणि मला म्हणाले, "आई, काय चव आहे हो तुमच्या हाताला! याचं काहीतरी करा. टिफिन सर्व्हिस वगैरे." दोन तास स्वतःला शोधा शोधा म्हणून सांगून या माणसाला मी सापडले ती कढईत. अरे, छत्तीस वर्षं केलंय की मी ते! पहाटे उठून पाच डबे भरायचे आणि मग आठ सतराची लोकल. नको मला आता. कळतंय का? नको.

आणि मुलांनो, ते आठ मार्चचे फोटो बंद करा आधी. फोन करा, तुझा क्लास कसा झाला विचारा आणि ती सांगते ते सगळं ऐका, मधेच "बरं ऐक ना, शनिवारी पिल्लूला सोडू का तुझ्याकडे" करू नका. आईच्या नॉमिनेशनची चौकशी करायला तुम्हाला लाज कशी वाटत नाही? आणि बायांनो, तुम्हीही हसू नका. हॉलमध्ये पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणाऱ्या तुम्हीच आणि लिफ्टमध्ये "या वयात काय गं हे" म्हणणाऱ्याही तुम्हीच. मीही त्यातलीच, नाहीतर क्लास बुडवून कांदे चिरत बसले नसते.

या शनिवारी पाचला मी क्लासला आहे. सेक्रेटरीसाहेब, वार्षिक सभेचे पोहे तुम्ही करा. जास्त भिजवलेत तर लगदा होतो, एवढं सांगून ठेवते. आणि माझं मोठं पातेलं अजून सोसायटीच्या ऑफिसात पडलंय, तसंच खरकटं. घासून पाठवा.